संकटाची रंगीत तालीम

संकट वेळ पाहून येत नाहीं, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु होऊन गेलेल्या संकटांच्या वेळा एकापुढें एक मांडून पाहिल्या म्हणजे कांहीं निराळेंच ध्यानांत येतें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेचा भूकंप झाला तो पहांटे चार वाजून गेल्यावर. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीची जमीन हादरली ती पहांटे चार वाजावयास थोडीं मिनिटें असतां. गणपतिविसर्जनाची रात्र आटोपून माणसें नुकतीं कोठें निजलीं होतीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरलें तें दिवसाउजेडीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या उपनगरांवर अतोनात पाऊस कोसळला तो दुपारीं. त्या वेळीं कमावतीं माणसें कचेऱ्यांत, कित्येक मुलें शाळांत आणि घरीं वृद्ध मंडळी, अशी घरोघरची स्थिति होती. तिकडे जपानांत १ सप्टेंबर १९२३ रोजीं कांतो प्रांतांत मोठा भूकंप झाला तेव्हां दुपारचे बारा वाजावयास दोनच मिनिटें होतीं. घरोघर स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या. आणि पडलेल्या भिंतींपेक्षां पसरलेल्या आगींनींच अधिक माणसें मारलीं.

कुटुंब हा शब्द एकवचनी असला तरी चोवीस तासांत त्याचीं रूपें किती पालटतात, हें या वेळांवरून कळावें. पहांटे चारचें कुटुंब झोपेंत असतें. सकाळीं अकराच्या कुटुंबांत आजी, तान्हें मूल आणि फार तर कामाला आलेल्या बाई एवढींच माणसें असतात. संध्याकाळीं सहाचें कुटुंब चार वाटांवर विखुरलेलें असतें. संकटाशीं गांठ पडते ती यांपैकीं एखाद्या अपुऱ्या कुटुंबाची. घराची तयारी मात्र बहुतेक ठिकाणीं रविवारच्या सकाळीं, सगळीं माणसें हजर असतां, चहाचा दुसरा पेला चालू असतांना ठरविली जाते. विजेचा मेन स्विच कोणता हें यजमानांस ठाऊक. गॅसची कळ कशी फिरवावयाची हें गृहिणीस ठाऊक. डॉक्टरांचा क्रमांक थोरल्या मुलाच्या मोबाइलमध्यें. हीं तिन्ही माणसें एकाच वेळीं घराबाहेर असूं शकतात, किंबहुना आठवड्यांतील पांच दिवस असतातच, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

नाटकाच्या धंद्यांतील मंडळी या बाबतींत अधिक शहाणी म्हणावयाची. नट आपल्या खोलींत नक्कल घडाघडा म्हणतो एवढ्यावरून कोणी तिकिटें विकावयास काढीत नाहीं. वेष चढवून, पडदे टांगून, दिवे लावून एकदां रंगीत तालीम होते. आणि मग कळतें कीं, दुसऱ्या अंकांत नायक ज्या दारानें आंत यावयाचा त्या दाराची कडी पलीकडून लागलेली आहे! घरांत विजेरी असणें, प्रथमोपचाराची पेटी असणें, भिंतीवर अग्निशामक नळकांडें टांगलेलें असणें, ही खोलींत म्हटलेली नक्कल होय. ती म्हणजे तयारी नव्हे. तयारी आहे कीं नाहीं हें करून पाहिल्यावांचून कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं. आणि करून पाहावयाचें तें, ज्याला सर्व ठाऊक आहे अशा माणसास बाजूस बसवून.

जपाननें १९६० पासून १ सप्टेंबर हा दिवस याच कामासाठीं राखून ठेवला असून त्या दिवशीं देशभर तालमी होतात. आपल्याकडे १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत जो भयंकर स्फोट झाला, त्यांत कामीं आलेल्या बंबवाल्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या सप्ताहांत कारखान्यांत, रुग्णालयांत, मोठ्या कचेऱ्यांत कवायती होतात. घराच्या उंबऱ्याच्या आंत मात्र ती कवायत क्वचितच येते. ती घरच्या माणसांनींच आणावयाची आहे.

प्रथम निषेधाच्या गोष्टी सांगितलेल्या बऱ्या. परीक्षेसाठीं खरा गॅस सोडूं नये, खरी आग लावूं नये, आणि ११२ किंवा १०१ या क्रमांकांवर लटकी वर्दी देऊं नये. त्या घटकेला दुसऱ्या कोणाचें तरी घर खरोखर जळत असूं शकतें. घरांत हृदयविकाराचें माणूस असेल तर अचानक आरोळी ठोकण्याचा प्रकार वर्ज्य समजावा. लहान मुलांना आधीं सांगावें, आणि खेळ म्हणूनच सांगावें. भ्यालेलें मूल संकटाच्या वेळीं पलंगाखालीं लपतें व शोधणाऱ्यांस सांपडत नाहीं. तेव्हां त्याला भय शिकविण्यापेक्षां हांकेला ओ देण्यास शिकविणें अधिक मोलाचें.

परीक्षेची पहिली पायरी कागदाची आहे व ती अगदीं बिनखर्चाची आहे. घरांतील प्रत्येकास एकेक चिठ्ठी द्यावी आणि परस्परांस न विचारतां कांहीं प्रश्नांचीं उत्तरें लिहावयास सांगावीं. मेन स्विच कोठें आहे? दाराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? घरांतील माणसांचे क्रमांक मोबाइलमध्यें न पाहतां सांगतां येतात काय? आजोबा रोज कोणत्या गोळ्या घेतात? परक्या माणसाला घराचा पत्ता कसा सांगाल? या शेवटच्या प्रश्नाचीं उत्तरें वाचण्यासारखीं असतात. मुंबई-पुण्यांत अर्ध्या रस्त्यांस दोन दोन नांवें आहेत. इमारतीचें नांव पाटीवर एक व लोकांच्या तोंडीं दुसरें. आणि घरच्या माणसाला "नेहमींच्या वाण्याच्या समोर" एवढी खूण पुरेशी वाटते. रुग्णवाहिकेच्या चालकास तो वाणी ठाऊक नसतो. पत्ता असा हवा कीं, प्रथम गांव व उपनगर, मग मोठा रस्ता, मग सर्वांस दिसेल अशी खूण, मग इमारत, मजला आणि खोलीचा क्रमांक. तो मोठ्यानें म्हणून पाहावा. घाबरलेल्या आवाजांत एका दमांत म्हणतां येईल इतका लहान झाला म्हणजे उत्तीर्ण. वाहन दारापर्यंत येईल काय, कीं वाटेंत लावून ठेवलेल्या मोटारींमुळें तें कोपऱ्यावरच अडेल, हेंहि त्याच दिवशीं खालीं उतरून पाहून यावें. आणखी एक लहानशी गोष्ट: कुलुपबंद मोबाइलवरूनहि संकटकाळचा क्रमांक लावतां येतो. आजीच्या हातीं नातवाचा मोबाइल देऊन, क्रमांक प्रत्यक्ष न लावतां, ती जागा तिला सांपडते कीं नाहीं एवढें पाहावें.

दुसरी परीक्षा काळोखाची. रात्रीं आठच्या सुमारास, कोणी जिन्यावर नाहीं आणि चुलीवर कांहीं नाहीं असें पाहून, एकानेंच मेन स्विच बंद करावा व घड्याळ पाहत स्वस्थ बसावें. पहिला दिवा लागावयास किती वेळ लागतो? पुष्कळ घरीं विजेरी सांपडते, परंतु तिच्यांतील सेल पाझरून गंजलेले असतात. मेणबत्ती सांपडते तेव्हां काडेपेटी सांपडत नाहीं. कारण चूल आतां लायटरनें पेटते. मोबाइलचा दिवा सर्वांत आधीं लागतो खरा, पण संध्याकाळीं घरीं आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्यें बॅटरी किती उरलेली असते हेंहि पाहून ठेवावें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व आसपासच्या भागांतील वीज एकाएकीं गेली तेव्हां लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या आणि कित्येक वस्त्यांस कांहीं तास विजेवांचून काढावे लागले. उंच इमारतींत वीज गेली म्हणजे उद्वाहन जातें, पंप थांबतो व टांकींतलें पाणी संपलें कीं नळहि कोरडा पडतो. तेव्हां काळोखाची परीक्षा पांच मिनिटांत आटोपूं नये. तास-दीड तास तशीच चालूं द्यावी. दहाव्या मजल्यावरच्या आजोबांना जिना उतरणें झेपतें काय, श्वासाच्या विकारासाठीं कोणी विजेवर चालणारें यंत्र वापरीत असेल तर त्याची सोय काय, असले प्रश्न पहिल्या पांच मिनिटांत सुचत नाहींत.

याच वेळीं विजेच्या फळीकडेहि वळावें. आजकालच्या घरांत फ्यूजच्या तारेच्या जागीं आपोआप पडणाऱ्या कळा असतात, आणि त्या आहेत म्हणजे धक्क्याची भीति नाहीं असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. त्या साध्या कळा तारेचें रक्षण करतात, माणसाचें नव्हे. भार फाजील झाला किंवा दोन तारा भिडल्या म्हणजे त्या पडतात. माणसाच्या अंगांतून जाणारा प्राणघातक प्रवाह त्यांच्या हिशेबीं अगदींच क्षुल्लक असतो. माणसासाठीं निराळी कळ लागते. ती जाणारा व परत येणारा प्रवाह ताडून पाहते आणि त्यांत ३० मिलिॲंपियरएवढा फरक पडला कीं डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत वीज तोडते. तिच्यावर परीक्षेसाठींच एक लहान बटण बसविलेलें असतें व त्यावर "टी" हें इंग्रजी अक्षर असतें. तें दाबलें असतां कळ खाडकन् पडली पाहिजे. न पडल्यास तारतंत्र्यास बोलवावें. आणि असलें बटण फळीवर मुळींच नसेल, तर घरांत माणसासाठीं रक्षकच नाहीं असें समजावें. घर बांधल्या दिवसापासून तें बटण कोणीं दाबलेंच नाहीं अशीं घरें थोडीं नाहींत. मेन स्विच दाराच्या माथ्यावर, माणसाच्या उंचीहून वर बसविण्याची कारागिरांना फार हौस असते. घरांतील सर्वांत ठेंगण्या मोठ्या माणसास तो हातीं लागतो काय, हीहि परीक्षाच आहे. विजेला चिकटलेल्या माणसास हात लावावयाचा नाहीं, प्रथम वीज तोडावयाची, हा नियम सर्वांस पाठ असतो. परंतु हात फळीपर्यंत पोंचत नसेल तर तो पाठ असून काय उपयोग?

आतां गॅस. येथें अंमळ थांबणें प्राप्त आहे. कारण शहरांतील घरांत सर्वांत अधिक सामर्थ्य कोंडलेलें असतें तें याच लोखंडी नळकांड्यांत, आणि त्याच्याविषयींचें ज्ञान बहुधा एकाच व्यक्तीच्या हातांत असतें. घरगुती सिलिंडरमध्यें १४.२ किलो द्रवरूप वायु असतो. तो मोकळा झाला म्हणजे हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरतो, ओट्याखालीं सांचतो, दाराच्या फटींतून शेजारच्या खोलींत जातो. हवेंत त्याचें प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास झालें कीं एका ठिणगीनें तो पेट घेऊं शकतो. नळानें येणारा वायु निराळा. तो हवेहून हलका असून वर छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या घरीं खालची हवा खेळती करण्यासाठीं दार उघडणें महत्त्वाचें, आणि नळाच्या घरीं वरचा झरोका मोकळा असणें महत्त्वाचें. आपल्या घरीं कोणता वायु आहे व तो बंद करण्याची कळ कोठें आहे, हें घरांतील प्रत्येकानें हात लावून दाखवावें. बोटानें नुसतें दुरून दाखविलेलें चालूं नये.

परीक्षा अशी: चूल बंद असतां एकेकानें येऊन रेग्युलेटरची कळ बंद करावी, रेग्युलेटर काढावा आणि सिलिंडरच्या तोंडावर टोपण बसवावें. तीन क्रिया, समजावून सांगावयास अर्धें मिनिट पुरतें. परंतु प्रत्यक्षांत काय आढळतें? तें टोपण दोरीनें सिलिंडरलाच बांधून आलेलें असतें. तें अडचण म्हणून कोणीं तरी कापून टाकलेलें असतें व आतां घरांत कोठेंच नसतें. ओट्याखालचें दार उघडावयाचें तर पुढें तांदळाचा डबा आणि कांद्यांची टोपली असते. आजीला सर्व समजतें, पण तिचे गुडघे वांकत नाहींत. बारा वर्षांच्या मुलाचे गुडघे वांकतात, पण रेग्युलेटर उचलतांना कोणती कडी दाबावयाची हें त्याला कोणीं दाखविलेलें नसतें. रबरी नळीवर मुदत छापलेली असते व ती संपून गेलेली असते. असे चार-पांच दोष एका परीक्षेंत हातीं लागले म्हणजे ती परीक्षा नापास झाली असें समजण्याचें कारण नाहीं. उलट तिचें चीज झालें.

वासाची गोष्ट स्वतंत्रपणें पाहावयास हवी. वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मर्केप्टन नांवाचें उग्र द्रव्य मुद्दाम घातलेलें असतें. परंतु वय वाढलें म्हणजे घ्राणशक्ति मंदावते, सर्दीपडशानें ती तात्पुरती जाते, आणि २०२० नंतरच्या साथींत कित्येकांची ती गेली ती पुरती परत आलीच नाहीं. दिवसभर घरीं एकटें राहणारें माणूस नेमकें वृद्ध असतें. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या नाकापासून हातभर अंतरावर हिंगाची डबी उघडावी. वास आला नाहीं, तर गळती ओळखण्याचें काम त्या माणसावर सोपवून भागणार नाहीं. ही चांचणी ढोबळ आहे, शास्त्रीय नव्हे. परंतु तिनें डोळे उघडतात. अशा घरीं वायूची गळती कळतांच आवाज करणारें यंत्र बसविणें हा खर्च उधळपट्टींत मोडत नाहीं.

वास आल्यावर काय करावें, याची तालीम तोंडी घ्यावी आणि हात कोठें जातो तिकडे लक्ष ठेवावें. काळोख्या स्वयंपाकघरांत शिरणाऱ्याचा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो. धूर किंवा वास आला कीं पंखा लावावा असें वाटतें. दोन्ही घातक. बटण लावतांना जशी ठिणगी उडते तशीच तें बंद करतांनाहि उडते. म्हणून बटणास हात नाहीं, घंटा नाहीं, मोबाइल नाहीं. दारें-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडर बंद करावा, माणसांनीं बाहेर पडावें, आणि १९०६ हा गळतीचा क्रमांक लावावा तो बाहेर जाऊन. सिलिंडरची गळती पाहण्यासाठीं काडी ओढणारे महाभाग अजूनहि आहेत. साबणाचा फेस लावला कीं बुडबुडे गळतीची जागा सांगतात.

आगीची परीक्षा म्हणजे प्रायः बाहेर पडण्याची परीक्षा. धुरांत डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, आणि तापलेला धूर वर जातो. म्हणून डोळ्यांवर रुमाल बांधून, हातापायांवर रांगत, आपल्या अंथरुणापासून बाहेरच्या दारापर्यंत जावें, किल्ली शोधावी, कुलूप उघडावें. एकानें घड्याळ धरावें व वाटेंतील टोंकदार वस्तु आधींच बाजूस काढाव्यात. मुलांना यांत मोठी मौज वाटते. खरी मौज वडील मंडळींची होते. चोरांच्या भयानें आंतून लावलेलें कुलूप, त्याची किल्ली कपाटांत, कपाटाची किल्ली पर्समध्यें, आणि पर्स कोठें तें कोणास ठाऊक नाहीं, अशी साखळी पुष्कळ घरांत आढळते. खिडक्यांना लोखंडी जाळ्या. त्यांतून उघडणारी चौकट एखादी असली तर तिच्यापुढें कुंड्या व जुनी सायकल. चोरानें आंत येऊं नये म्हणून घरांतल्या माणसानें बाहेर जाऊं नये अशी व्यवस्था आपण पैसे मोजून करून घेतों! जिना धुरानें भरलेला असेल तर दार लावून घ्यावें, खालच्या फटींत ओला टॉवेल कोंबावा व खिडकींतून हांका माराव्यात. उद्वाहनांत पाऊल टाकूं नये. यासाठीं खिडकी उघडते कीं नाहीं हें पाहणें आलेंच.

निजलेल्या मुलांविषयीं एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. ब्रिटनमध्यें डंडी विद्यापीठ आणि डर्बीशायरचें अग्निशमन दल यांनीं ३४ मुलांवर धुराच्या घंटेची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध झाले. ३४ पैकीं २७ मुलें ती कर्कश घंटा पुनःपुन्हां वाजूनहि झोपूनच राहिलीं. आईबापांस जी गोष्ट गृहीत वाटत होती, ती करून पाहिल्याबरोबर खोटी ठरली. रात्रीं कोणत्या मुलास कोणीं उचलावयाचें, हें आधीं ठरविण्याचें कारण यांत आहे. आई वाटते बाबांनीं घेतलें, बाबा वाटतात आईनें घेतलें, असें होतां कामा नये.

कढईंतल्या तेलानें पेट घेतला तर काय कराल, हा प्रश्न चुलीपुढें उभें करूनच विचारावा. ज्याचा हात पाण्याकडे जातो तो नापास. पाणी तेलाच्या तळाशीं जाऊन तत्काळ वाफ होतें, ती वाफ पाण्याच्या सुमारें सतराशें पट जागा व्यापते, आणि पेटतें तेल छतापर्यंत उडतें. कढईवर झांकण सरकवून गॅस बंद करावा, एवढाच उपाय. तेव्हां कढईएवढें सपाट झांकण हाताशीं आहे काय, तें पाहावें. अग्निशामक नळकांडें असेल तर त्याच्या घड्याळाचा कांटा हिरव्या पट्ट्यांत आहे काय, आणि त्याची खीळ कोणास काढतां येते काय, हेंहि. लहान नळकांडें थोड्याशा सेकंदांत रिकामें होतें; सूचना वाचावयास वेळ मिळत नाहीं.

भाजणें हा स्वयंपाकघरांतील नित्याचा प्रसंग, आणि त्यावरचा उपचारहि नित्य चुकणारा. भाजलेल्या जागीं वाहतें साधें थंड पाणी वीस मिनिटें धरावयाचें. बर्फ नाहीं, हळद नाहीं, दंतमंजन नाहीं, शाई तर नाहींच. सूज येण्यापूर्वीं बांगड्या व आंगठ्या काढावयाच्या. वीस मिनिटें म्हणजे किती, हें एकदां हात नळाखालीं धरून घड्याळ न पाहतां अजमावून पाहावें. बहुतेकांचीं वीस मिनिटें तिसऱ्या-चौथ्या मिनिटासच संपतात. आणि ज्या वस्तींत पाणी दिवसांतून दोन तासच येतें, तेथें नळच कोरडा असणार. त्या घरीं भरलेली बादली व तांब्या हें प्रथमोपचाराचें साहित्य समजावें. घशांत घांस अडकणें, हृदय बंद पडणें यांवरील क्रिया मात्र घरीं एकमेकांच्या अंगावर करून शिकावयाच्या नव्हेत. निरोगी माणसाची छाती दाबणें किंवा पोटास हिसका देणें धोक्याचें असतें. तें शिक्षण जाणत्या शिक्षकाकडून, बाहुलीवर घ्यावें. घरच्या परीक्षेंत एवढेंच पाहावें कीं, ज्यानें तें घेतलें आहे असें किमान एक माणूस दिवसाच्या प्रत्येक प्रहरीं घरांत असतें काय. उत्तर नाहीं असें आल्यास, सकाळीं कामाला येणाऱ्या बाईंनाहि त्या शिक्षणास पाठवावें. त्या घरांत यजमानांपेक्षां अधिक तास जागेपणीं असतात. परंतु अशा तालमींतून त्यांना वगळण्याची चाल जवळजवळ सर्वत्र आहे, आणि ती अविचाराची आहे.

विखुरलेल्या कुटुंबाची परीक्षा सर्वांत अवघड. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास झाला तो ७३ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे फोर्टांतल्या कचेरींत बसलेल्या माणसास आपलें घर पाण्यांत जात आहे अशी शंकाहि येण्याचें कारण नव्हतें. आणि ती आली तेव्हां गाड्या बंद, दूरध्वनि बंद, मोबाइल मुके. घरचे लोक एकमेकांना शोधावयास पाण्यांत उतरले. यासाठीं पुन्हां चिठ्ठ्यांचा उपाय: "संध्याकाळ झाली आहे, फोन लागत नाहीं, रस्त्यांत पाणी आहे, तूं कोठें थांबशील, आणि बाकीचे कोठें असतील असें तुला वाटतें?" चारहि चिठ्ठ्या शेजारीं ठेवून वाचाव्यात. बाप लिहितो कीं मी मुलीच्या शाळेकडे निघेन. आई तेंच लिहिते. मुलगी लिहिते कीं मी मैत्रिणीच्या घरीं जाईन. आजी लिहिते कीं सर्व घरीं येतील, मी दार उघडें ठेवीन. प्रत्येक उत्तर प्रेमाचें आहे, आणि चारहि मिळून दोन माणसें निष्कारण पाण्यांत उतरतात. मुलीनें शाळेंतच थांबावें, कोणी नेमका एकच तिला आणावयास जाईल आणि तोहि पाणी ओसरल्यावर, बाकीच्यांनीं जेथें कोरडी जागा असेल तेथें रात्र काढावी, व परगांवच्या अमुक मावशीकडे जमेल तेव्हां निरोप ठेवावा, असा ठराव बोलून करावा लागतो. महिन्याभरानें पुन्हां चिठ्ठ्या घ्याव्यात. तेव्हां चौघांचें उत्तर एक आलें तरच ठराव झाला म्हणावयाचा.

कागदपत्रांची पिशवी, औषधांचा आठवड्याचा सांठा, पिण्याचें पाणी, थोडी रोकड यांच्या याद्या पुष्कळ छापलेल्या मिळतात. त्यांचा विस्तार येथें नको. परीक्षा एवढीच कीं, "चला" म्हटल्यापासून ती पिशवी हातीं घेऊन दाराबाहेर पडावयास किती वेळ लागला.

या सर्व परीक्षा एकाच दिवशीं घेणारें घर दुसऱ्यांदां एकहि परीक्षा घेणार नाहीं. महिन्यास एक पुरे. जें चुकलें तें लिहावें, ज्याचें चुकलें त्याचें नांव लिहूं नये. सुनेचें अज्ञान सासूपुढें किंवा सासूचें सुनेपुढें उघडें पाडण्याचें साधन म्हणून तालमीचा उपयोग झाला, तर पुढच्या वेळीं प्रत्येकजण ठाऊक असल्याचें सोंग करील. दोष सापडेल तो शक्यतों वस्तूंचा समजावा: फळी उंच आहे, डबा आडवा आहे, किल्ली आंत आहे. वस्तु हलवितां येतात. आजीचे गुडघे बदलतां येत नाहींत, सिलिंडरपुढची टोपली उचलतां येते.

तो कागद ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावा व त्यावर तारीख घालावी. घरांत नवें कुलूप बसलें, नवें माणूस कामास लागलें, मूल एका इयत्तेनें पुढें गेलें कीं ती तारीख जुनी झाली असें धरावें. मागची परीक्षा रात्रीं झाली असेल तर पुढची सकाळीं अकरा वाजतां ठेवावी, आणि त्या दिवशीं यजमान व गृहिणी या दोघांनींहि तासभर बाहेर जाऊन बसावें.